एमएस्सी झाली, आता पीएचडी इथंच का दुसरीकडे? आणि सरांना काय वाटेल?

दरवर्षी निकाल लागले की हा प्रश्न घेऊन कुणीतरी येतंच, एमए-एमएस्सी जिथं केली तिथंच पीएचडी करू का विद्यापीठ बदलू. मागं एक मुलगी आली होती तिचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

केमिस्ट्रीची एमएस्सी, आपल्याच भागातलं विद्यापीठ, पहिल्या प्रयत्नात नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा, निघालेली. प्रोजेक्ट ज्या सरांकडे केला ते म्हणत होते, "इथंच कर, माझ्याकडं सीट आहे." आणि तिकडं पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेचा इंटरव्ह्यूही क्लिअर झालेला. दोन महिने धड झोप नाही, जेवण नाही, आई घाबरलेली. वहीत दोन रकाने करून आणले होते, राहायचं आणि जायचं. जायच्या खाली आठ मुद्दे, इन्स्ट्रुमेंट्स, सेमिनार, लायब्ररी, सगळं. राहायच्या खाली तीनच, आणि तिन्ही ओळी "सरांनी" नाहीतर "सरांना" ने सुरू होणाऱ्या. सरांनी फी भरायला मदत केली. सरांनी नेटचे जुने पेपर सोडवून घेतले. सरांना वाईट वाटेल. मी वही तिच्याकडं फिरवली आणि त्या तीन ओळींवर बोट ठेवलं, तर ती रडायलाच लागली.

म्हणलं, रडून घे, उपकार खरेच आहेत. पण ते फेडायला तुझी पाच वर्षं द्यायला सरांनी तरी कधी सांगितलंय का?

मग मी विचारलं की सर रिटायर कधी होणार. तिला माहितीच नव्हतं! चौकशी केली तर चार वर्षं राहिलेली. आता यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2022 चा नियम असा आहे की निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर गाईडला नवीन विद्यार्थी घेता येत नाही, म्हणजे सरांना हिला घेता आलं असतं, पण केमिस्ट्रीची पीएचडी चार वर्षांत क्वचित संपते, आणि निवृत्तीनंतर सर फक्त को-गाईड राहू शकतात. मग मेन गाईड कोण? हे कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं. आणि एकेका एनएमआरसाठी, म्हणजे रेणूची रचना बघायच्या तपासणीसाठी, सॅम्पल दुसऱ्या शहरात पाठवून तीन-तीन आठवडे वाट बघायची, हे तर तिनं प्रोजेक्टमध्येच भोगलं होतं.

पण म्हणून डोळे झाकून पुण्याला जा, असंही मी म्हणलं नाही. तिथं तिला एका फार नावाजलेल्या प्रोफेसरांकडं जायचं होतं, संस्थेचं नाव ऐकूनच हरखली होती. मी सांगितलं, दोन दिवस जाऊन लॅबमध्ये बस, आणि गाईड नसताना तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी कँटीनमध्ये बोल. सर किती दिवसांनी भेटतात, अर्धवट सोडून कितीजण गेले, फेलोशिप वेळेवर येते का, एवढंच विचार. परत आली तेव्हा चेहराच वेगळा होता. त्या लॅबमधली एक सीनिअर ताट बाजूला सारून म्हणाली होती, "दोन महिने झाले, सरांसमोर बसून डेटा दाखवलेला नाही." त्याच मजल्यावर एक तरुण मॅडम होत्या, त्यांच्याकडं तीन विद्यार्थी, दर शनिवारी मीटिंग. असिस्टंट प्रोफेसरला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात, म्हणजे एक जागा शिल्लक होती. नाव छोटं, पण विषय हिच्या प्रोजेक्टच्या जवळचा.

वडिलांना पैशाची काळजी होती, ती पटकन मिटली, जेआरएफ तिच्या नावावर आहे, महिना 37,000 आणि वर एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता, विद्यापीठ बदललं म्हणून ती बुडत नाही.

राहिलं सरांना सांगणं. बाहेरून कळण्याआधी तू स्वतः जाऊन सांग, एवढाच माझा हट्ट होता. गेली. सर ऐकून गप्पच बसले, मग "बरं" म्हणाले आणि आठवडाभर फोन उचलला नाही, तेव्हा ही परत माझ्याकडं. म्हणलं थांब, त्यांनाही वाईट वाटू दे की थोडं, माणूस आहेत. नवव्या दिवशी शिफारसपत्र मेलवर आलं, दोन पानी.

राहणं चूकच असं मी मुळीच म्हणत नाही. मराठीचा एक मुलगा होता, त्याचा विषय त्याच्याच जिल्ह्यातल्या जात्यावरच्या ओव्या, गाईडही त्याच कामातले, त्याला मीच म्हणलं कुठंही जाऊ नकोस. तिन्ही डिग्र्या एकाच जागेच्या दिसतात म्हणून घाबरू नका, काम दाखवता आलं पाहिजे. मात्र बदलायचं असेल तर रजिस्ट्रेशनच्या आधी बदला. नंतर गाईड, विषय, कोर्सवर्क सगळ्याचाच गुंता होतो आणि त्यात जाणारं वर्ष कुणी परत देत नाही.

ती मॅडमकडंच लागली. आता सॅम्पल खालच्या मजल्यावर देते आणि दुसऱ्या दिवशी स्पेक्ट्रम, म्हणजे त्या तपासणीचा आलेख, हातात. त्यातले काही अजून जुन्या सरांना व्हॉट्सॲपवर पाठवते, आणि सर लगेच उलट लिहितात, "बेसलाइन नीट कर आधी."