नॉर्वेतला ईस्टर आणि चर्चला न जाणारी माणसे

आपण फेब्रुवारीत सात वर्षांच्या मुलीसह ऑस्लोला राहायला येणार आहात आणि घरात कोणीच देवधर्म मानत नाही. तेव्हा ईस्टरच्या सुट्टीत सगळे शहर चर्चमध्ये गेले तर आपण करायचे काय, आणि त्यावरून कचेरीत कोणी आपल्याला वेगळे तर समजणार नाही ना, असे आपण विचारले आहे. इथे अकरा वर्षे काढल्यावर एवढे सांगू शकते, की शहर रिकामे होते हे खरे, पण ते चर्चकडे नव्हे तर डोंगराकडे जाते. देशातील ६० टक्क्यांहून थोडे अधिक लोक आजही नॉर्वेच्या चर्चचे सभासद आहेत. तरी त्यांतले बहुतेक जण बारसे, लग्न आणि अंत्यविधी यांपलीकडे तिकडे फारसे फिरकत नाहीत. ईस्टरला, म्हणजे इथल्या ‘पोस्के’ला, आस्तिक कोण आणि नास्तिक कोण हे बाहेरून ओळखता येत नाही. सुट्टीनंतर कचेरीत विचारतात ते एवढेच, की बर्फ कसा होता आणि ऊन मिळाले का.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, पण मराठी माणसाला तिचा हिशेब कळायला जड नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे ती पौर्णिमा आपल्याकडची होळीची तरी असते किंवा हनुमान जयंतीची तरी. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ ला; २०२४ साली धुळवड २५ मार्चला होती आणि ईस्टर ३१ ला. हे लक्षात ठेवण्याचे व्यावहारिक कारण असे, की होळीमागून येणाऱ्या ईस्टरला ऑस्लोजवळच्या जंगलात सहसा बर्फ सापडतो, तर उशिराच्या ईस्टरला त्यासाठी उंच डोंगरात जावे लागते.

ईस्टरचा रविवार, त्याआधीचे गुरुवार आणि शुक्रवार आणि नंतरचा सोमवार हे चार दिवस सार्वजनिक सुट्टीचे असतात. शाळांना त्या आधीच्या सोमवारपासूनच सुट्टी लागते, आणि सोमवार ते बुधवार अशी तीन दिवसांची रजा टाकली की सलग दहा दिवस हाती येतात. मात्र सुट्टीचे वेतन इथे आधीच्या वर्षीच्या कमाईवर साठते, म्हणून पहिल्या वर्षी आपल्याला रजेचा हक्क असला तरी त्या तीन दिवसांचे पैसे बहुधा मिळणार नाहीत, हे आधीच धरून चालावे.

चार सुट्ट्यांच्या दिवशी दुकाने बंद असतात आणि मधल्या शनिवारी ती दुपारी ४ वाजता मिटतात. यामागे सणाच्या दिवशी शांतता पाळण्याविषयीचा १९९५ चा कायदा आहे. शंभर चौरस मीटरांपेक्षा लहान दुकानांना त्यातून सूट असल्यामुळे एखादे किराणा दुकान उघडे सापडते, पण घरातली डाळ संपली म्हणून तिथे धावावे अशा किमती तिथे नसतात. बिअरसुद्धा त्या दिवसांत दुकानात विकता येत नाही आणि वाइनची दुकाने सरकारी असल्याने तीही बंदच. पहिल्या वर्षी मी हे कोणाला विचारले नव्हते; शुक्रवारी सकाळी दुधाची पिशवी आणायला निघाले आणि निर्मनुष्य रस्त्यावरून हात हलवत परत आले. खरेदी मंगळवारीच उरकावी. गुरुवारी मात्र हजारो लोक गाड्या घेऊन सीमेपलीकडे स्वीडनला जातात, कारण तो दिवस तिथे सुट्टीचा नाही आणि मांस, शीतपेये, तंबाखू तिथे स्वस्त मिळते. आपण त्या गर्दीत जावे असे मला तरी वाटत नाही.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी आहे ती ‘ह्युत्ते’, म्हणजे डोंगरातले किंवा किनाऱ्यावरचे लाकडी सुट्टीघर. अशी चार लाखांहून अधिक घरे या देशात आहेत. दिवसभर बर्फावरून स्की करायची, वाटेत उन्हाकडे तोंड करून बर्फात खळगा खणून बसायचे, संत्रे सोलायचे, १९३७ पासून मिळणारे ‘क्विक लुन्श’ हे चार कांड्यांचे चॉकलेट खायचे आणि संध्याकाळी शेकोटीपाशी पत्ते, फासे किंवा कोडी, असा हा कार्यक्रम आहे. त्यात प्रार्थना कुठेच नसली तरी तो इतक्या काटेकोरपणे पाळला जातो, की मला आपल्याकडच्या सोवळ्याची आठवण होते. कोणी ह्युत्तेवर बोलावले, तर तो मोठा मान समजावा, कारण इथली माणसे घाईने बोलावत नाहीत. जाताना स्वतःच्या चादरी आणि उशांचे अभ्रे न्यावेत, शाकाहारी असाल तर ते आधीच कळवावे (शनिवारी बहुधा कोकराचे मांस भाजतात), आणि लाकडे फोडणे, पाणी आणणे, एका वेळचा स्वयंपाक करणे ही कामे कोणी सांगण्याची वाट न पाहता उचलावीत. संडास अंगणात असू शकतो.

दुसरी परंपरा ऐकून आपण चकित व्हाल: या आठवड्यात सारा देश खुनाच्या कथा वाचतो. १९२३ साली एका प्रकाशकाने ईस्टरच्या आठवडाभर आधी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ‘बर्गनची गाडी काल रात्री लुटली’ अशा अर्थाच्या मथळ्याची जाहिरात दिली. ते नव्या रहस्यकादंबरीचे नाव होते, पण अनेकांना ती खरी बातमी वाटली. तेव्हापासून ईस्टर आणि रहस्यकथा यांची गाठ पडली ती पडलीच. आता दूरचित्रवाणीवर खुनाच्या मालिका लागतात आणि दुधाच्या खोक्यांवरही छोटी रहस्यचित्रकथा छापलेली असते. भाषा शिकायला ही खोकी फार उपयोगी आहेत.

ह्युत्ते नाही आणि आमंत्रणही नाही, अशीच आपली पहिल्या वर्षीची स्थिती असेल. तेव्हा आमंत्रणाची वाट पाहत घरी बसू नये. ‘बुआ’ नावाच्या केंद्रांतून स्की आणि बर्फावरून घसरायच्या छोट्या गाड्या विनामूल्य उसन्या मिळतात. सुट्टीआधीच त्या आणून ठेवाव्यात. मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गाने फ्रोग्नरसेतेरेन या शेवटच्या स्थानकावर उतरले की जंगल सुरू होते. लांब जायचे असेल, तर १८६८ मध्ये स्थापन झालेल्या पर्यटन संघटनेच्या साडेपाचशेहून अधिक झोपड्या देशभर आहेत आणि सभासदांना त्यांत स्वस्तात राहता येते. बर्गनच्या गाडीने १२२२ मीटर उंचीवरच्या फिन्से स्थानकावरही जाता येते, जिथे मोटारीचा रस्ता पोचतच नाही. मात्र पहिल्याच वर्षी लहान मुलीला घेऊन तिथून पुढे डोंगरात शिरू नये. १९६७ च्या ईस्टरमध्ये डोंगरांत १८ माणसे दगावली आणि त्यानंतर डोंगरात कसे वागावे याचे नऊ नियम घरोघरी पोचले. त्यांतला आठवा सांगतो, की वेळीच परत फिरावे, परत फिरण्यात लाज नाही. बर्फावरचे ऊन डोळे आणि कातडी दोन्ही भाजते, म्हणून काळा चष्मा आणि मलम घेतल्याशिवाय मुलीला बाहेर काढू नये.

कचेरीत सुट्टीआधी सगळे एकमेकांना ‘गू पोस्के’ म्हणतात. मराठी कानाला पहिला शब्द कसाही लागला तरी त्याचा अर्थ ‘शुभ’ असा आहे. हसू आवरून तेच परत म्हणावे, त्यात धर्माची कबुली वगैरे काही नसते. मुलीच्या शाळेत पिवळी पिल्ले आणि रंगवलेली अंडी होतील, आणि रविवारी सकाळी आईवडील पुठ्ठ्याच्या मोठ्या अंड्यात सुटी मिठाई भरून घरात लपवतात, हेही तिला तिथेच कळेल. तेवढे रिकामे अंडे मंगळवारच्या खरेदीत घ्यायला विसरू नका.