बांजाचे बी वाळवू नका

प्रश्न : मुक्तेश्वरजवळ (जि. नैनिताल, उत्तराखंड) आमची पाच नाली, म्हणजे आपली दहा गुंठे बाग आहे. उंची सुमारे २,२०० मीटर. जानेवारीत बांज ओकचे (हिमालयातल्या एका जंगली झाडाचे) बी वेचले, आठवडाभर उन्हात वाळवले आणि मार्चमध्ये पिशव्यांत लावले. साठांपैकी एकही उगवले नाही. काय चुकले? मेहुण्यांनाही महाबळेश्वरला बांज लावायचा आहे.

उत्तर : वाळवणाची सवय नडली. ज्वारी-हरभऱ्याचे बी वाळवून टिकते. बांजाचे मात्र फणसाच्या आठळीसारखे, ओल गेली की मेले. डिसेंबर-जानेवारीत तपकिरी झालेले ताजे बी घ्या. बारीक गोल छिद्र दिसले तर आत अळी होती किंवा आहे, ते टाका. उरलेले पाण्यात घाला. तरंगणारे काढा, बुडालेले त्याच दिवशी पेरा. तेवढेही जमत नसेल तर ओलसर वाळूत थंड जागी ठेवा.

पिशवी किमान एक फूट खोल हवी. बांज आधी सोटमूळ खाली सोडतो, पाने नंतर. उथळ पिशवीत मूळ तळाशी गोल फिरते आणि असे झाड पुढे कधीच जोमाने उभे राहत नाही. बी आडवे ठेवून बोटाच्या एका पेरापेक्षा किंचित खोल दाबा. मातीत जुन्या बांजाखालची दोन-तीन मुठी माती जरूर मिसळा. मुळांना साथ देणारी बुरशी तिच्यातून येते. वरून पालापाचोळा पसरा, गोठणाऱ्या दहिवराचा मारा कमी होतो. उंदीर आणि पाखरे बी उकरून नेतात, म्हणून वर जाळी हवीच.

रोप जुलैत, पाऊस धरल्यावर लावा. उत्तरेकडचा उतार, थोडी सावली असलेली जागा उत्तम. भोवती काटेरी फांद्या रोवा, कारण शेळीला हा पाला फार आवडतो. मे-जूनच्या कोरड्यात पाणी द्या. दोन-तीन वर्षे झाड वाढतच नाही असे वाटेल. ते खाली वाढत असते, उपटून पाहू नका! चीड (पाइनचे झाड) मात्र शेजारी नको, त्याच्या वाळल्या सुया वणव्याला आमंत्रण देतात.

मेहुण्यांना नाही म्हणा. सह्याद्रीत ओक मुळात नाहीच. महाबळेश्वर जेमतेम १,३५० मीटर, वर जांभा दगड आणि धो-धो पाऊस. तिथे जांभूळ, हिरडा, अंजनी लावा, तीच तिथली झाडे.