झेडपी हायस्कूलचा पट 58, त्यात ओपनची मुलं फक्त 6. मुलीला आठवीला इथेच ठेवावं की तालुक्याला घालावं?

इथेच ठेवा.

तुम्ही यु-डायसवरचा, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरचा, आकडा वाचून प्रश्न टाकलाय आणि तो आकडा भरणाऱ्यांपैकी मी एक आहे. बीड जिल्ह्यात झेडपीच्या प्रशालेत एकोणीस वर्षं गणित शिकवते. क्लार्कचं पद रिकामं, त्यामुळे पोर्टलचं कामही माझ्याच गळ्यात. म्हणून ‘ओपनची फक्त 6’ हे वाचून राग आला, खरं सांगते.

यु-डायसवर जातीचे रकाने चारच आहेत. जनरल, एससी, एसटी, ओबीसी. आपल्याकडचे वंजारी, धनगर, लमाण सगळे त्या ओबीसीच्या रकान्यात जाऊन बसतात. म्हणजे तुम्हाला जी ‘मागासवर्गीयांची शाळा’ वाटली ते तुमचं गावच आहे, फक्त त्यातून व्हॅनचे पैसे परवडणारी घरं वजा झालीत. कोण शिकतंय ते पोर्टल दाखवतं, कोण सोडून गेलं ते दाखवत नाही.

आता पटाचं. सप्टेंबर 2024 ची गोष्ट. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरवणं, 30 सप्टेंबरच्या पटावर होते आणि त्यातही आधार जुळलेलीच मुलं धरतात. त्याच वर्षी 15 मार्चच्या शासन निर्णयानं निकष बदलले होते, लहान शाळांचे मुख्याध्यापक रोज रात्री आकडेमोड करत बसायचे. आम्हाला एक मूल कमी पडत होतं. एक मूल कमी म्हणजे एक शिक्षक अतिरिक्त.

आणि ते मूल वर्गात होतं! नववीतली मुलगी, पहिल्या बाकावर बसणारी, जूनपासून एक खाडा नाही. पण जनरल रजिस्टरला जन्मतारीख 14 जून आणि आधारवर 1 जानेवारी. लहानपणी कुणीतरी अंदाजे टाकून दिलेली. पोर्टलवर तिच्या नावापुढे लाल खूण.

तिच्या आजीला आणि तिला घेऊन मी तालुक्याच्या आधार केंद्रावर गेले. एकदा सर्व्हर बंद, दुसऱ्यांदा जन्माचा दाखला जुना म्हणून परत. तिसऱ्यांदा सगळे कागद बरोबर निघाले तर बोटांचे ठसेच उमटेनात. श्रावणभर सोयाबीन खुरपून बोटांच्या पेरांवरची कातडी गुळगुळीत झाली होती, अंगठ्याला आडवी चीर. ऑपरेटर अंगठा काचेवर दाबून धरतोय, मशीन नाही म्हणतंय. आजीनं पदर ओला करून बोटं पुसली, मग मी रुमालानं. पाचव्यांदा घेतलं. परत येताना ती मागून म्हणाली, “मॅडम, मग एवढे दिवस माझी हजेरी कोणाची लागत होती?”

27 तारखेला दुरुस्ती आली. हिंदीच्या सरांचं पद राहिलं.

या धावपळीतच महालक्ष्म्यांना माहेरी गेले होते. माझा धाकटा भाऊ, त्याची दोन्ही पोरं तालुक्याला इंग्रजी शाळेत, पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, “ताई, तुझ्या शाळेत आता राहिलंय कोण? उरलीसुरली पोरं.” सणाचा दिवस म्हणून मी गप्प बसले. आज इथे बोलते. हा भाऊ स्वतः झेडपीच्याच प्रशालेत शिकला. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या सरकारी शाळा पुढे झेडपीकडे आल्या, म्हणून इतक्या गावांत शेतमजुराचं पोरही दहावीपर्यंत पोचलं. त्याच्या वर्गात पाटलाचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एका बाकावर होते, तेव्हा ती शाळा त्याला चांगली होती. पाटलाचा मुलगा उठून गेला की सालगड्याचा उरलासुरला कसा झाला? आणि हेच लोक पट पाडतात, पटामुळे शिक्षक जातात, मग पारावर बसून म्हणतात, “शाळेत शिक्षकच नाहीत.”

तुमच्या प्रश्नाकडे येते. जातीचा रकाना सोडा, दोन गोष्टी बघा. एक, नोव्हेंबरची हजेरी. पट मोजतात सप्टेंबरअखेर, आणि आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात. कागदावर 58 असलेल्या वर्गांत दिवाळीनंतर किती राहतात, ते स्वतः जाऊन मोजा. आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावात ठेवणारं हंगामी वसतिगृह नीट चालत असेल तर मुलं टिकतात. दुसरं, गेल्या वर्षी आठवीत मुली किती होत्या आणि यंदा नववीत किती आहेत. आठवीला पोषण आहार संपतो, आरटीईचं, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचं, संरक्षण चौदाव्या वर्षी संपतं, आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. ज्या शाळेत आठवीच्या सगळ्या मुली नववीत दिसतात तिथले शिक्षक घरोघर फिरतायत असं समजा. पट 58 असो नाहीतर 40.

लहान वर्गाचा फायदा मी वेगळा सांगायला नको. वीस वह्या मी रोज तपासते, सत्तर कोणीही तपासत नाही. माझी मुलगी याच प्रशालेतून दहावी झाली, वर्गात सतरा जण होते.

एक मात्र आहे. गणित-विज्ञानाला कायम शिक्षक नसेल, तासिकेवर कुणीतरी येऊन जात असेल, तर ठेवू नका. आठवीपर्यंत विषयशिक्षक आरटीईत बसतो, नववी-दहावी त्या कायद्यात येतच नाही, त्यामुळे तिथे विचारूनच घ्या. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का तेही बघा, नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. तालुक्याला पाठवायचीच वेळ आली तर व्हॅनला पैसे घालू नका, मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो.

आणि प्रवेश घेतलात तर जूनमध्येच मुलीच्या आधारवरची जन्मतारीख आणि नाव दाखल्याशी जुळवून घ्या. सप्टेंबरवर ठेवू नका, तेव्हा केंद्रावर रांग असते.