मोर नको, पापलेट कर

पोरी,

अनेक आशीर्वाद.

ताईला मुलगी झाली, तू मावशी झालीस, वाचून फार आनंद झाला. बाळाला चोखायला लाकडी खेळणं कोरायचं म्हणून पाठवलेलं तुझं मोराचं चित्र दोन दिवस समोर ठेवलं होतं. रेखाटन सुरेख आहे. पण तान्ह्या बाळासाठी हा मोर करू नकोस. का, ते नीट सांगतो.

आधी डोळे. गुंजा बसवायच्या म्हणतेस. गुंज दिसायला देखणी, पण आत जहाल विष. अख्खी गिळली तर टणक सालीमुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते. तू मात्र बसवण्यासाठी तिला भोक पाडणार, म्हणजे नेमकी ती सालच फोडणार. पांगाऱ्याच्या लाल बियाही नकोत. खरं म्हणजे चिकटवलेलं काहीच नको. मी भाच्यासाठी पहिला राघू केला तेव्हा चोच वेगळी कोरून सरसाने चिकटवली होती. लाळेने सरस भिजला आणि चोच सुटली. बहिणीने बोट घालून ती त्याच्या गालातून काढली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून बाळासाठी जे करायचं ते एकाच ठोकळ्यातून.

तुऱ्याचंही तसंच. तो लाकडाच्या रेषेला, म्हणजे धाग्यांना, आडवा जातो, आणि अशा ठिकाणी बारीक लाकूड खडूसारखं तुटतं.

म्हणून पापलेट कर. रुंद, बोथट तोंडाचा, मध्ये मुठीत मावेल अशी बारीक कंबर, पुढे पसरट शेपटी. लांबी ११-१२ सेंटीमीटर, जाडी दोन-अडीच, कंबर दोनच्या आसपास. लाकडाची रेषा तोंडाकडून शेपटीकडे जाऊ दे, नाहीतर कंबरेत मोडेल. शेपटीची टोकं गोल कर. आता एक माप काटेकोर पाळायचं. खुळखुळ्यांच्या सुरक्षिततेच्या चाचणीत ३५ बाय ५० मिलिमीटरचं लंबगोल भोक असलेला, ३० मिलिमीटर जाडीचा साचा वापरतात. खेळण्याचं कुठलंही टोक त्यातून आरपार निघता कामा नये, म्हणजे ते घशापर्यंत जात नाही. तू पुठ्ठ्याला तेवढं भोक पाड आणि कोरताना मधूनमधून मासा घालून बघ; टोक तीन सेंटीमीटर आत जाता कामा नये. तोंड आणि शेपटी दोन्ही साडेपाच सेंटीमीटर रुंद ठेवलीस तर अडचण येणार नाही. डोळा म्हणून नुसती उथळ खळी पुरे.

लाकूड शिवणीचं घे. हलकं असतं, पटाशीला ऐकतं, वाळल्यावर फारसं वाकत नाही. हलकं हवंच, कारण बाळ हातातली वस्तू आधी स्वतःच्याच तोंडावर पाडतं. काळा कुडा मिळाला तर तोही छान; चन्नपट्टणची खेळणी त्याच्याच पांढऱ्या लाकडाची. साग मजबूत खरा, पण त्यात वाळूसारखे कण असतात, नवख्या हाताची धार तासाभरात मारतो. आणि परसातली तोडलेली फांदी ओळख पटल्याशिवाय हातात घेऊ नकोस. काजरा, कण्हेर, बिब्बा ही झाडं आपल्याकडे कुंपणाला, रानात असतातच, आणि बाळ ते लाकूड चोखणार आहे.

चाकूला रोज दगडावर धार लाव, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरव. बोथट चाकू हात जास्त कापतो, कारण आपण जोर लावतो आणि तो निसटतो. अंगठ्याला चामडं बांध. लाकूड उचकटायला लागलं की थांब, ठोकळा फिरव आणि उलट बाजूने ये.

खरं काम यापुढे. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ४००. गुळगुळीत झालं असं वाटलं की ओल्या फडक्याने पुसून रात्रभर वाळू दे. सकाळी हात फिरव, बारीक कूस उभी राहिलेली असेल. लाळेने हेच होणार होतं, ते तू आधीच करून घेतलंस. पुन्हा ४०० फिरव. असं तीनदा.

रंग नको. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी फळं मला प्राणाहून प्रिय आहेत, पण ती ताटात मांडायची, चोखायची नव्हेत. घाण्याचं कच्चं जवसाचं तेल पातळ लाव, पुसून घे. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवस घेऊ नकोस, ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात. कच्चं तेल सुकायला आठवडे घेतं, घेऊ दे. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. अंगणात पसरून वाळव.

बारशाची तारीख गाठायची धडपड करू नकोस. बाराव्या दिवशी कुंची-टोपडी येतातच. बाळ वस्तू धरून तोंडाकडे नेतं ते तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, तोवर तुझ्या हाताला वेळ आहे.

तेल लावण्याआधी मासा माझ्याकडे पाठव. कंबरेच्या खाचेत ओरखडा हमखास राहतो, डोळ्यांना दिसत नाही. मी डोळे मिटून ओठांवरून फिरवून बघेन.

तुझा,
काका