पुण्याच्या काळ्या पाषाणाला कॅलिफोर्नियाचं सूत्र लावावं का?

पुण्याजवळच्या सबस्टेशनमधल्या रिले-पॅनेलसाठी (रिले म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारे स्विच) 10 हर्ट्झच्या वरचा भूकंपाचा हादरा काढायचाय, तर कॅलिफोर्नियाच्या रेकॉर्डवरून बसवलेलं सूत्र तसंच वापरू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून वापरू नका. दहा मजली इमारत असती तर मी इतका अडून बसलो नसतो, तिला एक हर्ट्झच्या आसपासची हालचाल छळते. रिलेचे कॉन्टॅक्ट मात्र जलद थरथरीनं उघडझाप करतात.

सगळी मेख 'कप्पा'त आहे. स्पेक्ट्रम म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला हादऱ्याचा किती जोर आहे, ते दाखवणारा आलेख. वरच्या फ्रिक्वेन्सीला त्वरणाचा स्पेक्ट्रम किती झपाट्यानं घसरतो, त्याचं हे माप. 1984 मध्ये अँडरसन आणि हफ यांनी मांडलेलं. कॅलिफोर्नियात ते साधारण 0.04 सेकंद धरतात, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या कठीण खडकावर 0.006. हिशोब करून बघा: 20 हर्ट्झला पहिल्यात जेमतेम 8 टक्के जोर उरतो, दुसऱ्यात 69 टक्के. एक हर्ट्झला हेच आकडे 88 आणि 98.

आपला बेसॉल्ट यात कुठे बसतो ते साइटवर मोजूनच ठरवा. कोयनेचे लहान धक्के सव्वाशे किलोमीटरवरून येतात, ते पकडा. स्पेक्ट्रम लॉगमध्ये, फ्रिक्वेन्सी साधीच ठेवून काढा आणि उतरत्या भागातून सरळ रेघ ओढा. अंतरामुळे आलेला वाटा वजा करायला विसरू नका. सेकंदाला 200 नमुने तरी घ्या.

आणि सेन्सर उघड्या खडकावरच बसवा. एकदा आम्ही तो तीन मीटर मुरमावर ठेवला होता. मुरमातला लहरींचा वेग सेकंदाला 300 मीटर, म्हणजे थर 25 हर्ट्झलाच घुमणार! रेघ त्या उंचवट्यावरून गेली, कप्पा चुकला, दोन आठवडे वाया गेले.

आयएस 1893 (2016) या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात पुणे झोन 3 मध्ये आहे, झोनचा गुणांक 0.16. त्यातला स्पेक्ट्रम 0.1 सेकंदाच्या खाली, म्हणजे 10 हर्ट्झच्या वर, उतरू लागतो. 20 हर्ट्झला त्वरणाचा गुणक 2.5 चा 1.75 होतो. कठीण खडकावर शिखर नेमकं तिथेच असू शकतं. कोयना धरण भूकंपासाठी गुरुत्वाच्या फक्त 0.05 पट त्वरण धरून बांधलं होतं; 11 डिसेंबर 1967 ला धरणातल्या यंत्रावर गुरुत्वाच्या 0.63 पट त्वरण नोंदलं गेलं, तेही जलद लहरींनी भरलेलं.

कप्पाच्या दोन-तीन किमती घेऊन सगळ्यांत वरचा वक्र धरा आणि तो 50 हर्ट्झपर्यंत पॅनेलवाल्याला आधीच द्या. शेक टेबलच्या, म्हणजे यंत्र हलत्या मंचावर ठेवून घेतलेल्या, बऱ्याच चाचण्या 33 हर्ट्झपाशी थांबतात.