दिवाळी अंकातल्या लेखात आजच्या शिल्पांचे नेटवरचे फोटो वापरले तर ते ‘फेअर यूज’मध्ये बसतं का?

रत्नागिरीच्या दिवाळी अंकासाठी समकालीन शिल्पकलेवर लेख आणि फोटो सगळे नेटवरचे, असं तुम्ही लिहिलंय. मी इकडच्याच एका छोट्या अंकाची पानं लावतो. गणपती गेले की हा प्रश्न माझ्यासमोर येतोच.

‘फेअर यूज’, म्हणजे परवानगी न घेता रास्त वापर करायची मुभा, हे अमेरिकेच्या कायद्यातलं. तुमचा अंक इथे छापणार, तेव्हा बघायचं ते आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52. समीक्षेसाठी रास्त वापराला त्यात मुभा आहे. ज्या शिल्पाच्या घडणीबद्दल तुम्ही खरंच काही म्हणताय, त्याचा फोटो त्या मजकुराशेजारी, शिल्पकाराचं नाव देऊन लावलात तर बाजू मांडता येते. तोच मुखपृष्ठावर शोभेला लावलात, तर अवघड.

सार्वजनिक जागी कायमचं उभं असलेलं शिल्प मात्र निराळं. मालवणात राजकोटावर जा, शिवरायांच्या पुतळ्याचा फोटो स्वतः काढा आणि खुशाल छापा. (त्याच्या छोट्या फायबरच्या प्रतिकृती करून विकायला ही सूट नाही.) गॅलरीतलं आठवडाभराचं प्रदर्शन ‘कायमचं’ धरू नका.

आता लोक विसरतात ते. फोटोचा हक्क वेगळा, शिल्पाचा वेगळा. वॉशिंग्टनमधल्या कोरियन युद्ध स्मारकातल्या सैनिकांच्या पुतळ्यांचा, बर्फ पडलेला असतानाचा एक सुंदर फोटो अमेरिकी टपाल खात्यानं 2003 साली तिकिटावर घेतला. फोटोग्राफरला 1,500 डॉलर दिले. शिल्पकार फ्रँक गेलॉर्ड यांना विचारलंच नाही. (सार्वजनिक जागेतल्या शिल्पांना आपल्यासारखी सूट तिकडे नाही.) 2010 साली अपील कोर्टानं फेअर यूजचा बचाव फेटाळला आणि पुढे भरपाई ठरली सुमारे 6 लाख 85 हजार डॉलर.

तुमच्याकडे नेमकं उलटं होईल: शिल्पकार ‘छापा हो’ म्हणतील आणि फोटोग्राफर राहून जाईल. आणि ते ‘छायाचित्र सौजन्य : गूगल’ कृपा करून नको. गूगलनं कसलं सौजन्य दाखवलंय?

शिल्पकारांना सरळ ईमेल करा. कुठलं शिल्प, कोणत्या पानावर, किती प्रती, पीडीएफ फिरणार का, एवढं लिहा. बहुतेक जण हो म्हणतात, वर छपाईलायक मोठी फाइलही देतात. नेटवरचा फोटो छापल्यावर धुरकटच दिसतो. फोटो कुणी काढला तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. आणि हे नवरात्राआधी उरका, नंतर छापखानेवाला कुणाच्या उत्तरासाठी थांबत नाही.