एआय आल्यावर वकिलाचं काम नक्की किती बदललं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: एआयने वकिलाचं काम किती बदललं, आणि यंत्र चुकलं तर ते कुणाच्या माथी? मी करारांचं काम करतो, तेव्हा त्या बाजूने सांगतो.

कागदपत्रांची शोधाशोध जवळपास संपली, हे खरं. तशी ही सुरुवात चॅटजीपीटीच्या बरीच आधीची. लाखो ईमेलमधून खटल्याच्या कामाचे वेगळे काढायला सॉफ्टवेअर वापरण्यास न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने २०१२ मध्येच मान्यता दिली होती.

वाचन मात्र संपलेलं नाही. मध्यंतरी एका करारनाम्याचा सारांश एआयकडून काढून घेतला. '३० दिवसांची नोटीस देऊन करार संपवता येईल.' बरोबरच होतं, फक्त कलमाखालचं परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी अट, गळालं होतं. पहिली दोन वर्षं हा हक्क समोरच्या पक्षाला होता, आमच्या पक्षकाराला नव्हताच! ज्युनियरकडूनही हे निसटू शकतं. पण ज्युनियरला शंका आली की तो चाचरतो, 'सर, एवढं एकदा बघता का' म्हणतो. यंत्र बरोबर असो की चूक, बोलतं त्याच ठाम सुरात.

त्या सुराला भुललेले वकील २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येच सापडले. एव्हियान्का या विमान कंपनीविरुद्ध प्रवाशाचा दुखापतीचा साधा दावा होता. वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुन्या खटल्यांचे निकाल दाखल केले, आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते. निकाल खरे आहेत का, हे विचारलं कुणाला, तर चॅटजीपीटीलाच. म्हणजे आरोपीच साक्षीदार. ५,००० डॉलर दंड झाला, पण एआय वापरल्याबद्दल नव्हे. कोर्टाने शंका घेतल्यावरही ते त्या निकालांना धरून बसले, हे भोवलं.

तेव्हा जबाबदारी सही करणाऱ्याची. कंपन्यांनाही हेच लागू. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने ग्राहकाला सवलतीची चुकीची माहिती दिली, तेव्हा 'चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही' हा बचाव कॅनडातल्या न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये फेटाळला. त्यासाठी नवा कायदा लागला नाही, निष्काळजीपणाचं जुनंच तत्त्व पुरलं. युरोपियन युनियनने मात्र त्याच वर्षी वेगळा एआय कायदा आणला. त्यात न्यायाधीशांना कायद्याचा अर्थ लावायला मदत करणारी प्रणाली 'उच्च जोखमी'ची धरली आहे. मला ते पटतं. वकील चुकला तर समोर दुसरा वकील असतो, न्यायाधीशासमोर कोण असणार?

फीचं गणितही हललंय. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की तासावर फी घेत असाल, तर प्रत्यक्ष लागलेल्या वेळाचीच घ्या. यंत्राने वाचवलेल्या तासांचं बिल लावायचं नाही.

माझी चिंता वेगळीच आहे. ते परंतुक मला दिसलं, कारण उमेदवारीत असले शेकडो रटाळ करार ओळ न् ओळ वाचले होते. आता तेच काम यंत्राकडे गेलंय. म्हणून माझ्याकडच्या ज्युनियरांना मी सारांश उघडण्याआधी मूळ करार वाचायला लावतो. त्यांना ते आवडत नाही. आणि तासावर बिल भरणाऱ्या पक्षकाराला तर मुळीच नाही.